जुन्या जलविद्युत केंद्राची क्षमता वाढवताना या चुका टाळा

क्षमता वाढवायची म्हटलं की बैठकीत पहिला विषय निघतो तो नव्या रनरचा, म्हणजे टर्बाइनमधल्या पाण्याने फिरणाऱ्या चाकाचा. पण जास्त वीज म्हणजे बहुधा जास्त पाणी, आणि ते येणार त्याच जुन्या पेनस्टॉकमधून (टर्बाइनकडे पाणी आणणारा मोठा नळ). घर्षणात वाया जाणारं हेड (पाण्याच्या उंचीतून मिळणारा दाब) विसर्गाच्या, म्हणजे दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढतं: पाणी २० टक्के वाढवलं की तोटा ४४ टक्क्यांनी वाढतो. एकाच पेनस्टॉकवर दोन-तीन संच (टर्बाइन आणि जनित्राच्या जोड्या) असतील, तर एकेका संचाचं गणित करून समाधान मानू नका. सगळे एकदम चालू धरूनच हिशोब करा.

गव्हर्नरची (टर्बाइनचं पाणी कमी-जास्त करून वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेची) बंद होण्याची जुनी वेळ तशीच ठेवणं ही त्याहून महागात पडणारी चूक. लोड (जनित्रावरचा विजेचा भार) अचानक सुटला आणि गाइड व्हेन (टर्बाइनमध्ये पाणी सोडणाऱ्या पात्या) झटकन मिटल्या, तर पेनस्टॉकमध्ये जलाघात, म्हणजे पाणी एकदम अडल्याने बसणारा दाबाचा तडाखा. सावकाश मिटल्या, तर संचाचा वेग भडकतो. नव्या जनित्राचा रोटर जुन्यापेक्षा हलका असेल, तर वेग आणखी लवकर चढतो. त्यातून पेनस्टॉकच्या पत्र्याची जाडी नकाशावरून धरली असेल, तर सगळं गणितच हवेत. वळणांवर आणि तळाच्या बाजूला अल्ट्रासोनिकने मोजून घ्या.

नवं बसवलं म्हणून जुन्याकडे दुर्लक्ष नको. रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया केंद्राचा संच क्रमांक २ दुरुस्त होऊन २००९ च्या मार्चमध्ये परत सुरू झाला, नवी नियंत्रण यंत्रणाही बसली. १७ ऑगस्टला टर्बाइनचं झाकण धरणारे, थकव्याने तडकलेले बोल्ट तुटले, पाणी थेट यंत्रशाळेत घुसलं आणि ७५ जण गेले. तेव्हा बोल्ट घट्ट आहेत एवढ्यावर भागत नाही. आतली तडही तपासावी लागते.

संच सुरू झाल्यावर कंपनं वाढली, तर लगेच बेअरिंग उघडायला धावू नका. (हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.) आधी एक्सायटेशन (रोटरला चुंबक बनवणारा वीजप्रवाह) न देता पूर्ण वेगाने फिरवा. तेव्हाच थरथर असेल, तर तोल किंवा अलाइनमेंट बघा. एक्सायटेशन दिल्यावर वाढली, तर रोटर-स्टेटरमधली फट गोलाकार सारखी आहे का, ते मोजा. फ्रान्सिस टर्बाइनमध्ये फक्त अर्ध्यामुर्ध्या लोडवर धपधप ऐकू येत असेल, तर बहुधा ड्राफ्ट ट्यूबमधला (टर्बाइनमधून पाणी बाहेर नेणाऱ्या नळातला) भोवरा. त्यावर हवा सोडून पाहा. नाहीच भागलं, तर तो लोडचा पट्टा चालवायच्या वेळापत्रकातून वगळा.