लॅपटॉपची हार्ड डिस्क बिघडल्यास: आधी फायली, मग नवी डिस्क

लॅपटॉप सुरू होताना अडकू लागला, साधा फोल्डर उघडायला मिनिटभर लागू लागले किंवा सुरू करण्याजोगी डिस्कच सापडत नसल्याचा संदेश पडद्यावर आला, की बहुतेक जण तो बाजारपेठेतल्या दुकानात नेतात आणि तिथे पहिला उपाय म्हणून फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकले जाते. बिघाड डिस्कचा असेल तर याहून घातक उपाय दुसरा नाही, कारण नवे विंडोज त्याच डिस्कवर लिहिले जाते आणि जुन्या फायलींची जागा कायमची व्यापते. डिस्क बदलण्याचे काम सोपे आहे व ते केव्हाही करता येते. फायली काढण्याची संधी मात्र जुनी डिस्क वाचता येते तोपर्यंतच असते.

निदानाची सुरुवात कानाने करावी. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधील चकत्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात आणि वाचणारे हेड त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल तर हेड निकामी झाल्याची शक्यता मोठी असते. नुसतीच बारीक बीप किंवा गुणगुण येत असेल तर चकत्या अडकलेल्या असू शकतात. या दोन्ही प्रसंगी लॅपटॉप तत्काळ बंद करावा आणि ‘एकदा सुरू करून बघू’ हा विचार सोडून द्यावा, कारण नादुरुस्त हेड चकतीला घासले गेले की त्या जागेवरची माहिती कोणालाच परत मिळवता येत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो; तो कोकणच्या हवेत तर मुळीच करू नये. गार झालेली डिस्क बाहेर काढताच दमट हवेतील बाष्प तिच्यावर साचते, आणि लॅपटॉपच्या साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी गाळणी लावलेले बारीक छिद्र असल्यामुळे आतील हवाही कोरडी राहण्याची खात्री नसते. तशाच दुसऱ्या डिस्कची हिरवी पट्टी (सर्किट बोर्ड) काढून लावण्याची युक्तीही आता सहसा चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी तिच्या पट्टीवरील चिपमध्ये साठवलेली असते.

पुरात बुडालेल्या डिस्कचे पथ्य वेगळे आहे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले, तशी वेळ आल्यास लॅपटॉप वाळवून सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा आणि तो तांदळाच्या डब्यातही ठेवू नये. पाणी आटले की गाळ व क्षार आतील भागांवर घट्ट बसतात आणि ते साफ करणे अवघड होते. म्हणून डिस्क बाहेर काढून ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालावी व डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे लवकरात लवकर पाठवावी. मुंबई-पुण्यात अशा प्रयोगशाळा आहेत. डिस्क उघडण्यासाठी धूळविरहित कक्ष आहे का, तपासणीनंतर खर्चाचा अंदाज लेखी देणार का आणि फायली न मिळाल्यास किती पैसे घेणार, हे पाठवण्यापूर्वीच विचारून घ्यावे. एसटीच्या पार्सलने असो वा कुरिअरने, डिस्क स्थिरविद्युतरोधक पिशवीत आणि सर्व बाजूंनी जाड फोम लावूनच पाठवावी.

आवाज नेहमीसारखा असेल तर पुढची तपासणी घरी करता येते. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या यंत्रणेत ठेवते आणि विंडोज सुरू होत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती दिसते. त्यात चार नोंदी पाहाव्यात: क्रमांक ५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचताना अडचण आल्यामुळे प्रलंबित राहिलेले सेक्टर, १९८ म्हणजे वाचताच न आलेले सेक्टर, आणि १९९ म्हणजे केबलमधून माहिती जाताना झालेल्या चुका. हा प्रोग्रॅम हे क्रमांक हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायाच्या पद्धतीने दाखवतो, म्हणून नोंदीचे नावही वाचून घ्यावे. पहिल्या तिन्हींपैकी कोणत्याही नोंदीची प्रत्यक्ष संख्या (रॉ व्हॅल्यू) शून्यापेक्षा जास्त असून ती वाढत असेल तर डिस्कचे दिवस भरत आले आहेत, असे समजावे. पहिल्या तिन्ही शून्य असून केवळ १९९ची संख्या वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा कनेक्टरचा असतो. मालवण, देवगड किंवा श्रीवर्धनसारख्या गावांत समुद्राला लागून असलेल्या घरांमध्ये ही शक्यता आधी तपासावी, असे माझे मत आहे; खाऱ्या हवेने संपर्कबिंदू काळवंडतात आणि चांगली डिस्क मेली असे वाटते. बॅटरी सोडवून डिस्क काढावी, संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ कापडाने पुसावेत, पूर्ण वाळू द्यावेत आणि डिस्क पुन्हा नीट बसवून पाहावी.

डिस्कच खराब आहे असे ठरले तर तिच्यावर चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क-तपासणीचा प्रोग्रॅम चालवू नये आणि फॉरमॅट करण्याची विंडोजची सूचनाही मान्य करू नये. चेकडिस्क फायलींची रचना दुरुस्त करण्यासाठी डिस्कवर लिहिते आणि मरणासन्न डिस्कवर लिहिणे म्हणजे उरलेसुरले घालवणे होय. आपल्याला तिच्यावरून फक्त वाचायचे आहे आणि तेही शक्यतो एकदाच.

यासाठी दुसऱ्या संगणकावर सिस्टिमरेस्क्यू ही मोफत लिनक्स प्रणाली उतरवून रुफस या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर घ्यावी. लागणारी बहुतेक साधने तिच्यात आधीच असल्यामुळे नंतर इंटरनेट लागत नाही, आणि पावसाळ्यात रेंज जाणाऱ्या वाडीत हा गुण मोठा आहे. जोडीला जुन्या डिस्कपेक्षा मोठी, रिकामी बाहेरची डिस्क हवी. ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण फॅट३२मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय बंद करावी लागते. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या कूटबद्ध करणाऱ्या सोयीने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून शोधून कागदावर लिहून ठेवावी. ती नसेल तर पूर्ण नक्कल काढूनही हाती काही लागत नाही.

खरे काम जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम करतो. साधी कॉपी खराब सेक्टरवर अडून बसते. डीडीरेस्क्यू मात्र पहिल्या फेरीत वाचता येणारा सगळा भाग झपाट्याने उचलतो, अडचणीच्या जागा बाजूला ठेवतो आणि नंतर त्यांच्याकडे थोडे थोडे करून वळतो. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कोणती डिस्क वाचायची, इमेज (संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल) कोणत्या फाइलमध्ये लिहायची आणि प्रगतीची नोंद कोणत्या मॅपफाइलमध्ये ठेवायची. मॅपफाइल असली की वीज गेली, केबल सुटली किंवा डिस्क मध्येच गायब झाली तरी तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर काम थांबले तिथूनच पुढे सुरू होते. मात्र ही फाइल बाहेरच्या डिस्कवरच ठेवावी. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या प्रणालीच्या मेमरीत ठेवल्यास लॅपटॉप बंद होताच ती नाहीशी होते. आज्ञा देण्यापूर्वी दोन्ही डिस्कचा आकार, मॉडेल आणि अनुक्रमांक ताडून पाहावेत, कारण स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर जुनी डिस्कच पुसली जाते. बिटलॉकर असलेल्या डिस्कची नक्कल इमेज फाइलऐवजी थेट दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर काढावी व मॅपफाइल तिसऱ्या जागी ठेवावी, म्हणजे ती नक्कल विंडोजला जोडून की वापरून उघडता येते.

डिस्क शक्यतो लॅपटॉपमध्येच ठेवून नक्कल काढावी. यूएसबी कन्व्हर्टर खराब सेक्टर आला की अनेकदा गोंधळतात. ५०० जीबीची बऱ्यापैकी धड डिस्क आणि यूएसबी ३ असेल तर दोन-तीन तास पुरतात. खराब डिस्कला काही दिवसही लागू शकतात. वेळ लागतो म्हणून हात लावत बसू नये. फिरत्या डिस्कसह लॅपटॉप हलवणे वेगळे संकट ओढवते. मध्येच टक-टक ऐकू आली तर मात्र लगेच थांबून प्रयोगशाळेचा मार्ग धरावा.

पुढची सगळी खटपट इमेजवर करावी. डिस्कचे विभाग (पार्टिशन) दिसत नसतील तर टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम चालवावा; त्याने नावे व फोल्डर यांसह फायली मिळू शकतात. तेही जमले नाही तर फोटोरेक वापरावे, पण ते फायली त्यांच्या आतील खुणांवरून ओळखते, त्यामुळे मूळ नावे जातात आणि हजारो फोटो क्रमांकांनी ओळखावे लागतात. फायली उचलताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सवर थांबू नये. टॅलीचा डेटा अनेकदा टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो, आणि पतसंस्थेची किंवा देवस्थानाची जुनी पत्रे श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर विंडोजमधील फॉन्टही सोबत घ्यावेत. नाहीतर मजकूर मिळूनही वाचता येत नाही.

आता बदली. जुनी डिस्क २.५ इंची, साटा जोडणीची असेल तर तिच्या जागी त्याच मापाची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपमध्ये माहिती ठेवणारी डिस्क) घ्यावी; पुन्हा फिरती डिस्क घेण्याचे कारण मला दिसत नाही. एसएसडीची जाडी बहुतेक ७ मिलिमीटर असते आणि जुन्या लॅपटॉपची जागा ९.५ मिलिमीटरची असल्यास मधली पोकळी प्लॅस्टिकच्या चौकटीने भरावी. लॅपटॉपला एम.२ची (पट्टीच्या आकाराच्या एसएसडीची) जागा असेल तर ती साटा जोडणीची आहे की एनव्हीएमई या दुसऱ्या जोडणीची, हे मॉडेलच्या माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय खरेदी करू नये; दोन्हींचे बाह्यरूप फसवे असते. उघडताना चार्जर काढून बॅटरीची जोडणी सोडवावी आणि स्क्रू लांबीनुसार वेगळे ठेवावेत. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर झाकणाला भोक पडते.

विंडोज टाकण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल आणि ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असल्यामुळे डिस्क बदलल्यावर तीच आवृत्ती टाकल्यास विंडोज सहसा आपोआप सक्रिय होते. विंडोज १०चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची यंत्रणा लागते; जुन्या लॅपटॉपमध्ये ती नसेल तर उबुंटू या मोफत लिनक्स प्रणालीचा विचार करावा. इमेजवरून संपूर्ण प्रणाली एसएसडीवर ओतण्यापेक्षा नव्याने प्रणाली टाकून फक्त फायली आणणे मला पसंत आहे, कारण न वाचलेल्या सेक्टरांत प्रणालीच्या कोणत्या फायली होत्या ते कळत नाही.

नव्या डिस्कवरील फायली प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय जुनी डिस्क टाकून देऊ नये. सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ती ठेवून द्यावी. टाकण्याची वेळ आल्यावर तिच्यात आधार, बँक आणि सातबाराच्या प्रती होत्या हे लक्षात ठेवून चकत्यांना आरपार भोके पाडावीत आणि मगच ती ई-कचऱ्यात द्यावी.