सर्व्हर मधेच गायब होतोय? रीस्टार्टचं बटण दाबण्याआधी या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं एक अडत दुकान आहे. वजनं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, व्यापाऱ्यांची बिलं असं सगळं दुकानातल्याच एका लिनक्स सर्व्हरवर चालतं. बेदाण्याचं काम तासगावला. तिथले दिवाणजी इंटरनेटवरून याच सर्व्हरला जोडलेले असतात. हळदीचे सौदे जोरात सुरू झाले आणि तासगावहून फोन यायला लागले. "सर्व्हर लागत नाही." वीस मिनिटांनी, "लागला." तासाभराने, "परत गेला बघा."

सर्व्हरचं काम मी बघतो. दुकानातल्या माणसांना मी सांगून ठेवलं होतं, गेला की राऊटर बंद करून चालू करा. तीन आठवडे हेच चाललं आणि पहिली मोठी चूक हीच. राऊटर बंद झाला की त्याच्या मेमरीतली सगळी नोंद पुसते. दोष तात्पुरता दबतो आणि कारण शोधायचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. सर्व्हर सतत बंद असला तर दोष शोधायला सोपा. येऊन जाऊन असणारा बिघाड फक्त बिघाड चालू असतानाच सापडतो. म्हणून सर्व्हर गेला की आधी वेळ लिहा, मग दहा मिनिटं बघा, रीस्टार्ट शेवटी.

दुसरी चूक, "नेटवाल्याचंच असणार" असं धरून चालणं. तासगाव ते सर्व्हर या वाटेचे निदान तीन तुकडे असतात: सर्व्हर ते राऊटर, राऊटर ते इंटरनेट कंपनी, आणि तिथून पुढचं जग. मी सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट लावली. दर मिनिटाला ती राऊटरला, कंपनीच्या पहिल्या उत्तर देणाऱ्या टप्प्याला आणि गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक पत्त्याला पिंग करायची (म्हणजे 'आहेस का?' असं विचारायची) आणि वेळेसह निकाल फाइलमध्ये लिहायची. चौथी तपासणी बाहेरून, मोबाइल डेटावरून, थेट सॉफ्टवेअरच्या पोर्टवर, म्हणजे ते ज्या क्रमांकाच्या दारावर जोडणी घेतं तिथे. नुसत्या पिंगवर विसंबू नका. पिंग बंद असून पोर्ट चालू असतो, आणि उलटही होतं.

दोन दिवसांत फाइल बोलली. तासगावचा फोन यायचा त्या त्या वेळी सर्व्हरवरून शेजारच्याच राऊटरला पिंग जात नव्हतं. म्हणजे दोष दुकानाच्या चार भिंतींत होता आणि मी मात्र कंपनीकडे तक्रारींवर तक्रारी नोंदवत होतो. गंमत म्हणजे दुकानातले कॉम्प्युटर त्याच वेळी सर्व्हरवर निवांत काम करत असायचे.

दुसऱ्या मशीनवरून आर्पिंग (एका पत्त्यावर कोणकोणती मशीन उत्तर देतात ते दाखवणारी आज्ञा) चालवलं आणि १९२.१६८.१.१० या सर्व्हरच्या पत्त्याला दोन वेगवेगळ्या मॅक पत्त्यांवरून (प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख) उत्तरं आली. एक सर्व्हर. दुसरा कुणाचा तरी मोबाइल. सर्व्हरचा पत्ता हाताने बसवलेला होता, पण राऊटर आपोआप जे पत्ते वाटतो त्या पत्त्यांमध्येच तोही होता. यार्डात लाईट गेली की सर्व्हर बंद पडायचा, राऊटर मात्र इन्व्हर्टरवर चालू. तेवढ्यात सौद्याला आलेल्या कुणी वायफाय जोडलं की राऊटर तो मोकळा दिसणारा पत्ता त्याला देऊन टाकायचा. लाईट आली, सर्व्हर उठला, आणि एका पत्त्यावर दोन जण. कोणता पत्ता कुठल्या मशीनचा, या राऊटरच्या नोंदीत मोबाइल बसला की बाहेरून आलेलं सगळं मोबाइलकडे. दुकानातल्या कॉम्प्युटरांच्या नोंदीत अजून सर्व्हरच असल्याने त्यांचं काही अडत नव्हतं. माणूस माल विकून घरी गेला की सर्व्हर परत 'लागायचा'. सौद्याच्या दिवशीच हे का होतं, याचं उत्तर एवढंच होतं.

उपाय पाच मिनिटांचा. राऊटरला शेवटचा आकडा १०० ते २०० असलेलेच पत्ते वाटायला सांगितलं, सर्व्हर १० वर तसाच ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वायफायचं वेगळं गेस्ट नेटवर्क केलं. सर्व्हरलाही यूपीएस दिला.

तुमच्याकडे कारण वेगळं असेल, तर लक्षणं नीट ऐका. एकाच शाखेला लागत नाही, तिथल्याच मोबाइल डेटावर लागतं, आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतं? फेल-टू-बॅन (चुकीचे पासवर्ड टाकणारा पत्ता आपोआप अडवणारं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर) बघा. मूळ सेटिंगमध्ये दहा मिनिटांत पाच वेळा चुकीचा पासवर्ड पडला की तो पत्ता दहा मिनिटांसाठी बंद होतो. कुणाच्या तरी फोनमध्ये जुना पासवर्ड राहिलेला असतो.

लॉगिन होतं पण मोठा रिपोर्ट उघडताना अडकतं, हे एमटीयूचं, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराचं (बाइटमध्ये), लक्षण. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या) जोडणीत पॅकेटची मर्यादा १५०० नाही, १४९२ असते. सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर सगळं आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे असेच छोटे निरोप) बंद करणारे बरेच जण आहेत. तसं केलं की 'पॅकेट मोठं आहे' हा निरोपच पोचत नाही आणि जोडणी तिथेच गोठते. हे करू नका.

लाइन तुटून जोडली की बाहेरचा पत्ता बदलत असेल, तर डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एका कायम नावाला जोडून ठेवणारी सेवा) लावा आणि त्याचा टीटीएल (तो पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ३०० सेकंदांच्या आसपास ठेवा. तो ८६४०० राहिला तर लोक दिवसभर जुन्या पत्त्यावर जाऊ शकतात. राऊटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला, तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. त्यावर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या सर्व्हरकडे वळवणं) चालत नाही, त्यासाठी कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो.

आणि दोष खरंच कंपनीच्या बाजूला निघाला, तर "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. बिघाड चालू असताना दोन्ही बाजूंनी घेतलेला एमटीआरचा (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर किती पॅकेट गळतात ते दाखवणाऱ्या साधनाचा) निकाल आणि वेळांची यादी पाठवा. एमटीआर वाचताना मधल्या टप्प्यावर पॅकेट गळताना दिसली आणि शेवटच्या टप्प्यावर गळती नसली, तर ते सोडून द्या. मधले राऊटर अशा तपासणीला उत्तर देण्याचं काम मुद्दाम मागे ठेवतात. गळती एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली, तर तो टप्पा लाल करून पाठवा.