कंपनीचं अपग्रेड चालू आहे आणि रेंज गेलीय? जुन्या ग्राहकानं थांबायचं कसं ते सांगतो

कोल्हापुरात दहा-पंधरा वर्षं एकच नंबर सांभाळणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील, मी त्यातलाच एक. नंबर बँकेला, आधारला, गॅसला जोडलेला, दूध संस्थेत दिलेला, पैपाहुण्यांच्या फोनात तोच सेव्ह, त्यामुळं कंपनीनं नेटवर्क सुधारतोय म्हटलं की आपण कळ काढतो. काढावी पण, फक्त गप बसून न्हाई, मुदत ठरवून.

आधी काम चालू असताना रेंज का बिघडते ते बघा. टॉवरवरचे अँटेना बदलायचे तर टॉवर काही तास बंद ठेवावा लागतो आणि सगळा लोड शेजारच्यावर पडतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी थ्रीजीची फ्रिक्वेन्सी काढून फोरजीला देतात, म्हणजे ज्याचं सिम नाहीतर हँडसेट जुना आहे तो सरळ टूजीवर येतो, कॉल लागतोय पण नेट बंद. आणि टॉवरपर्यंत फायबर पोचलेली नसली की वर फोरजी दिसतंय आणि व्हिडिओ नुसता फिरत बसतोय. यातलं पहिलं आपोआप निवळतं, दुसरं तुमच्या हातात आहे, तिसऱ्याला खरंच वेळ लागतो, म्हणून आपलं कुठलं ते ओळखल्याशिवाय कस्टमर केअरवाल्या पोराशी भांडण्यात अर्थ नाही.

मग सिम. जुनं थ्रीजी सिम असेल तर कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात, जाऊन बदलून घ्या, आधार घेऊन ज्याच्या नावावर नंबर आहे त्यानंच जायचं, वडिलांच्या नावावर असेल तर त्यांनाच न्या. महत्त्वाचं म्हणजे सिम बदललं की पुढचे 24 तास एसएमएस बंद असतात, फसवणूक होऊ नये म्हणून तसा नियमच आहे, म्हणजे ओटीपी येत नाही. हप्ता भरायच्या नाहीतर कुणाला पैसे पाठवायच्या दिवशी सिम बदलू नका.

हँडसेटमध्ये सिम सेटिंगला जाऊन व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीवरूनच कॉल लागायची सोय, चालू आहे का बघा. हे बंद असलं की नेट फोरजीवर चालतंय पण कॉल आला की फोन टूजीवर उतरतो आणि लोक म्हणतात फोरजी येऊन कॉल बिघडला. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी वायफायवरून कॉल) पण चालू करा, जुन्या घरात लई उपयोग होतो.

आता रेंज मोजायची, कांड्या बघून नाही. सेटिंगमध्ये अबाउट फोन, तिथं सिम स्टेटस, त्यात सिग्नल स्ट्रेंथ उणे डीबीएममध्ये दिसते (काही फोनमध्ये जागा वेगळी असते). उणे 90च्या आसपास असेल तर चांगलं, उणे 110च्या पुढं गेलं की रडगाणं सुरू. शिवाजी पेठेत आमच्या आत्याचं घर आहे, दगडी भिंती हातभर जाड, तिच्या स्वयंपाकघरात उणे 118 आणि परड्यात तुळशीजवळ उणे 97. तिथं टॉवरचा दोष नव्हता, भिंतीचा होता, वायफाय कॉलिंग लावलं आणि आत्याची कटकट मिटली. पण अंगणात, गच्चीवर, सगळीकडंच आकडा खराब असेल तर मात्र तक्रार कराच. कंपनीच्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा असतो, त्यात तुमचा भाग हिरवा दाखवलाय का बघून स्क्रीनशॉट काढून ठेवा.

तक्रार 198 वर, फुकट. जागा नेमकी सांगा, नुसतं "फुलेवाडी" नको, कुठला स्टॉप, कुठली गल्ली, घरात की बाहेर, किती वाजता, आकडा किती. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तारीख आणि नंबर वहीत लिहा. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील विभागाकडं जाता येतं, त्याला पैसे नाहीत आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. बहुतेक लोक इथंपर्यंत जातच नाहीत, दोनदा फोन करून सोडून देतात, आणि मला याचंच वाईट वाटतं, कारण इतकी वर्षं बिल भरणाऱ्या माणसाच्या शब्दाला वजन असायला पाहिजे आणि ते वजन लेखी तक्रारीनंच येतं. ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) 2024च्या नियमात असंही आहे की जिल्ह्यात मोठा बिघाड होऊन सेवा 24 तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर प्रीपेडवाल्याला व्हॅलिडिटी वाढवून आणि पोस्टपेडवाल्याला बिलात सूट द्यायची. नैसर्गिक आपत्तीला हे लागू नाही, म्हणजे पुरात मागू नका.

तोवर दुसऱ्या स्लॉटमध्ये दुसऱ्या कंपनीचं स्वस्तातलं सिम टाका. गगनबावड्याकडं नाहीतर दाजीपूरला जाणाऱ्यांनी तर टाकाच, घाटात एकाच कंपनीच्या भरवशावर राहू नये.

मुदत किती? माझं मत, तक्रारीनंतर 28 दिवसांचे दोन रिचार्ज. तेवढ्यात आकडा हलला, कॉल तुटायचे कमी झाले तर राहा, काम खरंच होतंय. काहीच हललं नाही तर पोर्ट करा, म्हणजे कंपनी बदला, नंबर तोच राहतो, त्यामुळं मन खायचं कारण नाही. इंग्रजी कॅपिटलमध्ये पोर्ट, मग स्पेस, मग आपला नंबर असं लिहून 1900 ला पाठवा, येणारा कोड 4 दिवस चालतो, तो घेऊन नव्या कंपनीकडं जा. कोल्हापूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये (मोबाइल सेवेचा विभाग) आहे, सर्कलच्या आत 3 कामाच्या दिवसांत होतं, मुंबई सर्कल वेगळं म्हणून तिथं 5. पोस्टपेडची थकबाकी आधी भरा, आणि हरवलेलं सिम नुकतंच बदललं असेल तर 7 दिवस कोड मिळत नाही. जुना बॅलन्स नव्या कंपनीत जात नाही, म्हणून वर्षाचा रिचार्ज मारला असेल तर तो संपत आल्यावरच मेसेज पाठवा.