घरात कोणी "अचानक गेलं" असेल तर काय आणि कसं विचारायचं

आपल्याकडे कोणी उभ्या उभ्या गेलं की "अटॅक आला" म्हणतात आणि विषय बंद. पण अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी बंद पडणं, आणि असा माणूस जातो तेव्हा बहुतेक वेळा ठोके बिघडून हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जातच नाही. पस्तिशीनंतर याचं मुख्य कारण ब्लॉकेजच, त्याआधी मात्र घराण्यातून आलेले आजार बरेच. हृदयाचा स्नायू जाड होतो तो एचसीएम साधारण ५०० जणांत एकाला असतो, आणि सदोष जीन आई किंवा बाबांत असेल तर प्रत्येक मुलात यायची शक्यता ५० टक्के.

म्हणून आधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला गाठा, पुरुषांना कोणाचं वय आठवत नाही. "कशाने गेले" विचारू नका, उत्तर अटॅकच येणार. वय किती होतं, त्या वेळी काय करत होते, हे विचारा. मी आत्याला घरातल्या एका तरुण मुलाबद्दल विचारलं तर म्हणते, "अरे तो विहिरीत गेला ना, पट्टीचा पोहणारा होता तरी". वय १९. आमच्याकडे ती कायम बुडाल्याचीच गोष्ट होती, पण लाँग क्यूटी म्हणून हृदयाच्या विद्युत यंत्रणेचा, घराण्यातून येणारा आजार असतो, त्याच्या एका प्रकारात नेमकं पोहतानाच ठोके बिघडतात. त्याला तेच होतं असं नाही म्हणत, पण डॉक्टरला सांगायची गोष्ट आहेच की.

पळताना चक्कर येऊन पडणं, अलार्म किंवा फोनच्या आवाजाने दचकून शुद्ध जाणं, "फिट येते" म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या, हेही विचारा, त्यामागेही ठोके बिघडणं असू शकतं.

कोविडच्या लसीमुळे होतं वाले फॉरवर्ड सोडा. १८ ते ४५ वयाच्या अचानक मृत्यूंवर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा २०२३चा अभ्यास आहे, त्यात लसीने धोका वाढलेला दिसला नाही, वाढलेला दिसला तो घरात आधी असा मृत्यू झालेल्यांत, आणि मृत्यूआधीच्या ४८ तासांत भरपूर दारू किंवा अति व्यायाम केलेल्यांत.

काही सापडलं तर गेलेल्याची सख्खी भावंडं आणि मुलं यांना कार्डिओलॉजिस्टकडे न्या, ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. गेलेल्याचा पीएम (पोस्टमॉर्टेम) रिपोर्ट असेल तर तोही न्या. मुलांचं एकदा नॉर्मल आलं म्हणून सुटलं असं नाही, एचसीएम वयात येताना दिसायला लागू शकतो. आणि ईसीजीचा कागद थर्मल असतो, काही वर्षांत कोरा होतो, घरी आल्या आल्या फोटो काढून ठेवा.