शुगर वाढली? डोस बदलण्याआधी बाटली, सिरिंज आणि जागा तपासा

जेवण तेच, चालणं तेच, इन्सुलिनही वेळेवर. तरी शुगर दोन-तीन दिवस सलग २५०च्या वर येतेय, तर डोस कमी पडतोय असं लगेच धरून चालू नका. बऱ्याचदा औषध उन्हाने खराब झालेलं असतं, सिरिंज चुकीची असते किंवा टोचायची जागा निबर झालेली असते. तिन्ही गोष्टी घरीच तपासता येतात. मात्र उलट्या होत असतील, धाप लागत असेल किंवा शुगर ३००च्या खाली येतच नसेल, तर तपासत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

सुरुवात बाटलीपासून. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची. दारातला कप्पा बरा. फ्रीजरजवळ किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवली तर गोठू शकते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही कामाचं राहत नाही. वापरात असलेली बाटली किंवा पेन ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस चालतं (पाकिटातल्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेच मानायचं). बाटली उघडली त्याच दिवशी मार्करने तारीख लिहा.

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकची दुपार ४० अंशांच्या आसपास जाते. मेडिकलमधून घेतलेली बाटली स्कूटरच्या डिक्कीत ठेवून भाजी बाजार करत फिरलात, की ती तापलीच म्हणून समजा. सोबत छोटा थर्मास न्या. त्यात बर्फ घातलात तर बाटली जाड कापडात गुंडाळा, बर्फाला थेट चिकटू देऊ नका.

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे वाडी-वस्तीवर दुपारची वीज नसली तर माठ उपयोगी पडतो. मोठ्या माठात तळाशी वाळूचा थर घाला, त्यावर लहान मडकं ठेवा, मधल्या जागेत वाळू भरा आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवा. इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं टाका. माठ सावलीत, पण वारा लागेल असा ठेवायचा. बंद खोलीत तो गार होत नाही, कारण सगळं काम पाणी सुकण्यावर चालतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय छान लागू पडतो. आत एक साधा थर्मामीटर ठेवा, म्हणजे अंदाजावर राहावं लागणार नाही.

टोचण्याआधी बाटली उजेडात धरा. स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधाळ इन्सुलिन हलवूनही गुठळ्या, कण राहिले, तर टाकून द्या. दुधाळ प्रकार तळहातांत दहा वेळा फिरवायचा, दहा वेळा उलटसुलट करायचा. जोरात हलवला तर फेस होऊन माप चुकतं. एक लक्षात ठेवा: उन्हाने खराब झालेलं इन्सुलिन बऱ्याचदा दिसायला चांगलंच दिसतं. शंका आली तर नवी बाटली उघडा. आणि जुनी बाटली चालू असताना डोस वाढवला गेला असेल, तर नवी उघडण्याआधी डॉक्टरांना विचारा; तोच वाढीव डोस चांगल्या औषधाचा घेतला तर शुगर धाडकन उतरेल.

आता सिरिंज. आपल्याकडे बहुतेक बाटल्या ४०च्या असतात, म्हणजे १ मिलीमध्ये ४० युनिट. त्यांना लाल टोपणाची ४०ची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची १००ची सिरिंज घेऊन तिच्या २०च्या रेघेपर्यंत भरलंत, तर पोटात फक्त ८ युनिट जातात. उलटी चूक जिवावर बेतते: १००च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २०ची रेघ भरली, की ५० युनिट जातात. दुकानदार देईल ते उचलू नका. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा काउंटरवरच जुळवून पाहा.

जागेचं म्हणाल, तर रोज एकाच ठिकाणी टोचल्याने त्वचेखाली गाठ धरते. तिथे दुखत नाही, म्हणून हात नेमका तिथेच जातो. पण गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. आंघोळीच्या वेळी साबणाच्या बोटांनी पोट चाचपा. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटाचे चार भाग करा, आठवड्याला एक भाग वापरा, प्रत्येक टोचणीत बोटभर अंतर ठेवा. पेनची ४ मिमीची सुई सरळ घुसवायची, बटण दाबून दहा आकडे मोजायचे, मग काढायची. टोचण्याआधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का पाहा. गाठ सोडून ताज्या जागी टोचू लागलात, की तोच डोस जास्त भिनतो. म्हणून त्या आठवड्यात शुगर जास्त वेळा तपासा, डॉक्टरांनाही कळवा.

रविवारी मिसळीला निघताना घरी टोचून जाऊ नका. नंबर लागायला तासभर गेला, तर रांगेतच घाम फुटतो, हात थरथरतात. टेबल मिळून ऑर्डर गेल्यावर टोचा. शुगर ७०च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी परत तपासा, नाही वाढली तर पुन्हा तेवढीच घ्या. पेढा किंवा चॉकलेट नको; त्यातल्या स्निग्धाने साखर रक्तात उशिरा उतरते. द्राक्षबागेत छाटणीला, काढणीला जाणाऱ्यांनी ग्लुकोजची पुडी खिशातच ठेवावी, बांधावरच्या पिशवीत नको.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा. भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर ‘सुया’ असं ठळक लिहा आणि घंटागाडीवाल्यांना सांगून वेगळी हातात द्या. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलेली सुई त्यांच्याच बोटात घुसते.