शॅमेलिऑन पाळताय? विदर्भाच्या हवेत या चुका टाळा

शॅमेलिऑन म्हणजे रंग बदलणारा सरडा. तो पाळण्याबद्दल नेटवर जी माहिती सापडते ती बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते. तिथे पिंजरा गरम कसा ठेवायचा याची काळजी. आपल्याकडे यवतमाळ, वर्धा, अकोल्याच्या खेड्यांत मार्च सरला की तीच काळजी उलटी होते. शॅमेलिऑन खात नाही, दिवसाढवळ्या डोळे मिटून बसतो, पिंजऱ्यात मुंग्या होतात, जिभेचा नेम चुकतो, अशा रोजच्या कटकटींचं मूळ बहुतेक वेळा इथल्या उन्हात, इथल्या पाण्यात आणि आपल्या सवयींत सापडतं.

बांधावरचा घरी आणू नका

पावसाळा सरत आला की तुरीच्या बांधावर किंवा डांबरी रस्त्यावर डुलत डुलत चालणारा हिरवा शॅमेलिऑन दिसतो. ही आपली भारतीय जात. पुष्कळदा ती अंडी घालायला झाडावरून उतरलेली मादी असते. तुम्ही शॅमेलिऑन पाळता हे गावात कळलं की पोरं असा एखादा पिशवीत घालून दारात आणतातच. तो ठेवून घ्यायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या जातीला संरक्षण आहे. तिला पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. शिवाय रानातून धरलेला शॅमेलिऑन पिंजऱ्यात अनेकदा अन्न सोडतो आणि झुरून मरतो. जिथून आणला तिथेच, ज्या बाजूला तो निघाला होता त्या बाजूच्या झाडावर पोरांच्याच हाताने ठेवायला लावा. तो विषारी नाही हेही त्यांना तेव्हाच सांगा. दगड मारणाऱ्यांपेक्षा उचलून आणणारी पोरं बरी, त्यांना रागावून लावू नका.

पाळण्यासाठी जे मिळतात त्यात येमेन-सौदीकडचा, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड आणि मादागास्करचा पँथर हे मुख्य. दोन्ही साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर असे प्राणी जवळ असतील तर त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणारा कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल तर सौदा तिथेच सोडा. पुढचं सगळं व्हेल्ड जातीबद्दल आहे, कारण आपल्या हवेत त्यातल्या त्यात तोच तगतो.

मे महिन्यात गरमीचा बल्ब कशाला?

पुस्तकात लिहिलंय म्हणून भर उन्हाळ्यात बारा तास बल्ब चालू ठेवणं, ही आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी चूक. व्हेल्डला अंग शेकायच्या फांदीवर ३० ते ३२ अंश पुरतात आणि बाकी पिंजरा त्याहून थंड लागतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे बाहेर पारा ४५ च्या वर जातो. टिनाखालच्या खोलीत दुपारी दोनला काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. खोलीच ३५ च्या पुढे गेली असेल तर शेकायचा बल्ब बंद करा. यूव्हीबी नळी, म्हणजे हाडांसाठी लागणारी अतिनील किरणं देणारी नळी, मात्र चालू राहू द्या, तिचं काम वेगळं आहे.

अंदाजाने चालू नका. वायरला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि सेन्सर वरच्या फांदीवर बांधा. गरम हवा वर जाते आणि हा प्राणीही वरच बसतो, त्यामुळे पिंजऱ्याच्या तळाशी मोजलेलं तापमान काही कामाचं नाही. तापला की तो आधी फिका पडतो, मग तोंड उघडं ठेवून बसतो. तोंड उघडं दिसलं की त्याला लगेच घरातल्या सगळ्यात गार खोलीत न्या आणि साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. फ्रिजचं पाणी अंगावर ओतणं किंवा बादलीत बुडवणं म्हणजे दुसरं संकट.

ज्यांच्याकडे अजून जुनं मातीच्या भिंतींचं घर आहे त्यांनी पिंजरा त्याच घरात ठेवावा. स्लॅबचं घर दिसायला पक्कं, पण दिवसभर प्यायलेली उष्णता ते रात्री सोडत राहतं, आणि शॅमेलिऑनला रात्री गारवा हवाच असतो. पिंजऱ्याच्या एका बाजूला बाहेरून ओलं गोणपाट लावा, चारही बाजूंनी नको, हवा खेळली पाहिजे. कूलर खोलीत असला तरी त्याचा झोत पिंजऱ्यावर नको आणि खिडकी थोडी उघडी असावी. बंद खोलीत कूलर तासन्‌तास चालला की हवा कोंदट होते. गरम कोंदट हवेत छातीचे आजार लवकर होतात. श्वासाला सूं सूं आवाज, तोंडाला फेस ही त्याची लक्षणं. भारनियमन दुपारचं असेल तर लाइट जाण्याआधी गोणपाट भिजवून ठेवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर पंखा लावा, बल्ब नको.

हिवाळ्यात गणित पुन्हा फिरतं. २०१८ च्या डिसेंबरात नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. अशा रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरा. लाल झिरोचा बल्ब रात्रभर लावून ठेवू नका. शॅमेलिऑनला झोपायला पूर्ण अंधार लागतो.

वाटीतलं पाणी तो पिणार नाही

"पाणी ठेवलं तरी पीत नाही" ही तक्रार जवळपास प्रत्येक नव्या माणसाची असते. साचलेलं पाणी शॅमेलिऑन सहसा पाणी म्हणून ओळखतच नाही. त्याला हलणारा, चमकणारा थेंब दिसावा लागतो. मेडिकलमधून नवी सलाइनची नळी आणा, ती स्वच्छ बाटलीला जोडा आणि चाकाने वेग असा ठेवा की जास्वंदीच्या पानावर दोन-तीन सेकंदांनी एक थेंब पडेल. मग लांब बसून बघा. आधी एक डोळा थेंबाकडे वळतो, दुसरा तुमच्यावरच असतो. मग मान पुढे येते आणि पानाच्या टोकाशी जबडा हळूहळू हलायला लागतो. यात पाच-दहा मिनिटं जातात. दोन फवारे मारून निघून गेलेल्या माणसाला वाटतं पाणी दिलं, पण जनावर तहानलेलंच राहतं.

फवारणी पहाटे आणि दिवे बंद झाल्यावर करा. येमेनच्या डोंगरांत रात्री धुकं आणि दव पडतं, तीच वेळ त्याला मानवते. पाणी पुरतंय की नाही हे विष्ठेवरून कळतं. तिच्यासोबत पडणारा पांढरा भाग पांढराच असेल तर ठीक. तो पिवळा-नारिंगी झाला किंवा डोळे खोल गेले, तर पाणी कमी पडतंय.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या भागात, बोअरचं पाणी फवाऱ्यात भरू नका. चार दिवसांत नोझल चोंदतं आणि पानांवर पांढरा थर बसतो. गावात आरओच्या कॅन येतात, फवाऱ्यासाठी तेच पाणी वापरा.

शेतातले किडे फुकट पडत नाहीत

नाकतोडे बांधावर ढिगाने मिळतात, मग विकत कशाला आणायचे? कारण त्या बांधाला लागून कपाशी आहे, सोयाबीन आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. जे औषध माणसाला मारतं, ते अंगावर घेऊन फिरणारा टोळ इतक्याशा प्राण्याच्या पोटात काय करेल? "आमच्या शेतात या आठवड्यात फवारलं नाही" एवढं पुरत नाही; शेजाऱ्याने फवारलेलं वाऱ्याने येतं आणि टोळ तर उडतच फिरतो.

काही किडे फवारणी नसली तरी विषारी असतात. रुईच्या झाडावरचा पिवळा-निळा ठिपक्यांचा टोळ त्या झाडाचं विष अंगात साठवतो. मूग-तुरीच्या फुलांवर येणारे, काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेले भुंगेरे तर माणसाच्या कातडीलाही फोड आणतात. काजवा सरड्यांसाठी जीवघेणा असतो. पावसाळ्यात तो उजेडावर खोलीत शिरतो, म्हणून खिडकीला जाळी हवी.

उपाय एकच, रातकिडे घरीच वाढवा. प्लॅस्टिकचा टब, झाकणाला बारीक धातूची जाळी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि खायला शेवग्याचा पाला, गाजर, भोपळा. नायलॉनची मच्छरदाणी ते कुरतडून पळतात. शॅमेलिऑनला देण्याआधी एक दिवस त्यांना पोटभर खाऊ घाला, कारण किड्याच्या पोटात जे असेल तेच शेवटी त्याला मिळतं. जवळ कोणी तुतीवर रेशीम घेत असेल तर थोड्या अळ्या मागून बघा. मऊ, पाणीदार, उत्तम खाद्य. किडा शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. लहान पिल्लाला रोज द्या, मोठ्याला एक दिवसाआड थोडे पुरतात.

उरलेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात ठेवू नका. शॅमेलिऑन झोपला की ते त्याच्या पायांना, शेपटीला चावतात; सकाळी बोटांवर बारीक जखमा दिसतात आणि कशाने झाल्या ते कळत नाही. मेलेल्या किड्यांवर मुंग्या येतात, आणि लाल मुंग्यांनी वेढलेला झोपलेला सरडा पळूही शकत नाही. आजीच्या जाळीच्या कपाटासारखे पिंजऱ्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांचा खडू, डासांचा स्प्रे, अगरबत्ती, कॉइल यातलं काहीही त्या खोलीत नको. ग्रामपंचायतीची धूरफवारणी येणार असेल तर पिंजरा आधीच आतल्या खोलीत हलवा आणि खिडक्या लावून घ्या.

पानाचा चुना म्हणजे कॅल्शियमची भुकटी नव्हे

घरात चुन्याची डबी असते, चुन्यात कॅल्शियम असतं, म्हणून किड्याला चुना लावून देणारे लोक आहेत. चुना दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी फॉस्फरस नसलेली साधी कॅल्शियम भुकटी घ्या आणि प्रत्येक खाण्याला किड्यांवर हलकी भुरभुरा. डी-३ (ड जीवनसत्त्व) आणि इतर जीवनसत्त्वं असलेली भुकटी पंधरा दिवसांतून एकदा, जास्त नको.

भुकटी देऊनही यूव्हीबी नसेल तर हाडं मऊ पडतात. पाय वाकतात, फांदीवरची पकड सुटते, जीभ अर्ध्यावर पडते. त्यासाठी लांब टी-५ यूव्हीबी नळी लागते आणि उजेड दिसत असला तरी ती साधारण वर्षाने बदलावी लागते. पाण्याच्या फिल्टरमधला यूव्ही दिवा चुकूनही लावू नका. त्याची किरणं जंतू मारण्यासाठी असतात, डोळे जातील. काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी उरत नाही. पण आपल्याकडे अंगण आहे, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं सकाळचं कोवळं ऊन कुठल्याही नळीपेक्षा सरस आहे. जाळीच्या पिंजऱ्यात अर्धी सावली ठेवून त्याला वीस-पंचवीस मिनिटं बाहेर न्या आणि मांजर-कावळ्यावर लक्ष ठेवून जवळच बसा.

जास्वंद आणि मनीप्लांट पिंजऱ्यात चालतात. कण्हेर, रुई, धोतरा नको, कारण व्हेल्ड पानंही खातो. नर्सरीतून आणलेलं रोप धुऊन काही आठवडे बाहेर ठेवा, तिथेही फवारणी होतेच.

पाहुणे आले की हातावर घेऊन रंग बदलून दाखवणं बंद करा. तो काळपट पडतो, तोंड वासतो ते घाबरून. दोन शॅमेलिऑन एका पिंजऱ्यात ठेवू नका, पिंजऱ्यांना एकमेकांसमोरही ठेवू नका.

मादी असेल तर नराशिवायही ती अंडी धरते. पाच-सहा महिन्यांची झाली की साधारण फूटभर खोल ओल्या वाळूची बादली आत ठेवा. जागा नसेल तर अंडी अडून ती मरते. पोट फुगलेलं, तळाशी येरझारा, पण खणत नाही, असं दिसलं तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा.

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-बकऱ्यांसाठी असतो. तिथून बकरीचं जंताचं औषध थेंबाने मोजून देण्याचा प्रयोग करू नका. १९५८ पासूनचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा सरपटणारे प्राणी पाहणारा शहरातला डॉक्टर यांचा नंबर आजार होण्याआधीच फोनमध्ये असू द्या. नेताना भोकं पाडलेल्या खोक्यात एक काडी घट्ट बसवून त्याला तिच्यावर ठेवा, ताज्या विष्ठेचा फोटो आणि पिंजऱ्याच्या तापमानाची नोंद सोबत घ्या. उन्हाळ्यात पहाटेची एसटी धरा, दुपारच्या गाडीत खोकं तापतं.