सोलापुरात मोठा कुत्रा पाळताना : जात आणि ब्रीडर कसा निवडावा

घरात मोठा कुत्रा आणायचे ठरले की बोलणे रंगरूपावर आणि किमतीवर जाते. सोलापुरात मात्र पहिला विचार उन्हाचा व्हायला हवा. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळिशी सहज ओलांडतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो. त्यामुळे सेंट बर्नार्ड किंवा सायबेरियन हस्की यांसारखी दाट केसांची जात येथे आणणे म्हणजे त्या मुक्या जिवाला सारा उन्हाळा कूलरसमोर डांबून ठेवणे होय, आणि वीज गेली की तेवढाही आसरा उरत नाही. या जाती येथे आणूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान मुले असलेल्या घराला लॅब्रॅडॉर चांगला. मात्र तो खादाड असतो आणि व्यायाम चुकला की लगेच लठ्ठ होतो. जर्मन शेफर्डला रोज फिरणे आणि शिकवणारा माणूस दोन्ही हवे. आपल्या भागातील कारवानी, म्हणजेच बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या नावाने ओळखला जाणारा मुधोळ हाउंड, आखूड केसांमुळे येथील उन्हात बराच तग धरतो. परंतु तो शिकारी, धावणारा कुत्रा आहे. शेतवस्तीवर किंवा मोठे कुंपण असलेल्या घरी तो शोभतो. जुळे सोलापुरातील तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो कोंडला जातो, आणि शेजारच्या कोंबड्या-मांजरांचीही धडगत राहत नाही.

जात ठरल्यावर ब्रीडरचा, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्ले विकणाऱ्याचा, शोध घ्यावा. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये केलेल्या नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणून नोंदणी प्रमाणपत्र मागायला संकोच करू नये. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा कागद वंशावळ सांगतो, प्रकृती सांगत नाही. मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळत असल्याने पिल्लाच्या आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे अहवाल वेगळे मागावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. ती खंगलेली, माणसाला पाहून कोपऱ्यात दबणारी किंवा अंगावर येणारी असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असले तरी परत फिरावे. पिल्लाच्या कानांच्या आत आणि पायांच्या बोटांमध्ये गोचीड आहे का, हे बोटांनी चाचपून पाहावे. हिरड्या गुलाबी आहेत ना, शेपटीखाली जुलाबाचे डाग नाहीत ना, डोळ्यांत चिपडे नाहीत ना, हेही तपासावे. पिल्लांची जागा गुळगुळीत फरशीची असेल, तर ती त्यावर पाय फाकवत घसरतात आणि वाढत्या सांध्यांना ते घातक ठरते. तेथे गोणपाट किंवा रबरी चटई अंथरलेली दिसली, तर ब्रीडर जाणता आहे असे समजावे.

चांगला ब्रीडर तुम्हालाही प्रश्न विचारतो. घर स्वतःचे की भाड्याचे, दिवसभर घरी कोण असते, गावी गेल्यावर कुत्र्याला कोण सांभाळणार, हे विचारणाऱ्यावर रागावू नये. केवळ मोबाइलवर फोटो पाठवून, आगाऊ पैसे घेऊन एस.टी. स्टँडवर पिल्लू आणून देतो म्हणणाऱ्याकडून, किंवा बारा महिने पाच-सहा जातींची पिल्ले तयार ठेवणाऱ्याकडून ते घेऊ नये.

पिल्लू घेताना लसीकरणाचे कार्ड आणि जंताचे औषध दिल्याच्या तारखा घ्याव्यात, आणि पशुवैद्यकाच्या तपासणीत गंभीर दोष आढळल्यास ते परत घेण्याची अट लेखी करून घ्यावी. पुढे मोठ्या जातीच्या पिल्लाला भराभर वाढावे म्हणून स्वतःच्या मनाने कॅल्शियम देऊ नये. जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात, ती तारीख घरी आणल्याच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून ठेवावी.